प्लेन की कॉन्ट्रास्ट?

माझी नजर म्हणजे टेप आहे! हे स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून मलाच सांगावं लागतं. गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या चढून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर, बाही माझ्या डोक्यात लिहून झालेली असते. नंतर टेप लावतो ती केवळ त्याच्या समाधानासाठी. इतकी वर्षं लोकांचे कोट आणि पँटी शिवतोय, अंदाज कधी अर्ध्या इंचानं चुकला नाही. चुकलाच असेल, तर ते गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढून उभं राहिलं असेल. अशांना मी चांगला ओरडतो.

तर या नजरेला गेल्या हंगामात दिसलं काय? माझीच पँट मला ढिली होतेय!

शिंप्याचं माप कोणी घेत नाही. आपली पँट आपण अंदाजानं बेततो आणि नीट बसली नाही तर कापडाला दोष देतो. मीही आधी कापडालाच दोष दिला. मग पट्टा एक भोक आत गेला, मग आणखी एक, आणि मग भोकंच संपली. संध्याकाळी अंगात कणकण असायची, कोरडा खोकला जात नव्हता, ताटावर बसलं की अन्न नकोसं व्हायचं. शेवटी गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, पाठीवर बोटं वाजवली, वजन केलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छाती आणि पोट, दोन्हीचा सीटी स्कॅन करून घ्या. कॉन्ट्रास्टचा."

"कॉन्ट्रास्ट म्हणजे?" मी विचारलं. आमच्या धंद्यात कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढऱ्या शर्टाला निळी कॉलर!

"एक औषध असतं. थोडं प्यायला देतात, थोडं शिरेतून. त्यानं आतलं सगळं स्पष्ट दिसतं."

"पण असेल काय?"

"स्कॅन होईपर्यंत मी काही बोलणार नाही."

डॉक्टर बोलायचं थांबले की आपलं मन बोलायला लागतं. घरी येईपर्यंत माझ्या मनानं मला तीन आजार दिले आणि तिन्हींत मी गेलो.

आता खरी अडचण होती ती आमची ही. दुकानात दोन मशिनं आहेत. दारापाशी माझं आणि खिडकीपाशी तिचं. कोट-पँट माझ्याकडे, शर्ट, फ्रॉक आणि काजं-बटणं तिच्याकडे. तिचा धाकटा भाऊ असाच बारीक होत होत गेला. त्याचे शर्ट हीच आत घेऊन द्यायची. दर वेळी "बसला बघ छान!" म्हणायची आणि मागच्या खोलीत जाऊन रडायची. मी ते पाहिलंय. माझी ढिली पँट तिच्या नजरेस पडू द्यायची नाही, हे मी डॉक्टरांच्या पायरीवरच ठरवून टाकलं.

बेत अगदी पक्का होता! अस्तर आणायला जातो म्हणून सांगायचं, एकट्यानं स्कॅन करून यायचं, आणि रिपोर्ट चांगला आला तर वर्षभरानं हसत हसत सांगायचं. बाहेर जायची मातकट रंगाची एकच चांगली पँट माझ्याकडे आहे. दुपारी ही जरा आडवी झाली, तेव्हा मी त्या पँटीची मागची शिवण उसवली, कंबर आत घेतली, त्याच रंगाच्या दोऱ्यानं टीप मारली, इस्त्री फिरवली आणि पँट होती तशी खुंटीला लावली. असा बेमालूम हात मारला की पुन्हा शोधायला मलाच भिंग लागलं असतं.

स्कॅन सेंटरला मी दुकानाचाच नंबर दिला होता. आणि दुसऱ्या दिवशी एका हॉटेलच्या ऑफिसातूनही फोन यायचा होता. वेटरांच्या कोटांना कॉलर प्लेन हवी की कॉन्ट्रास्ट, ते विचारून कळवणार होते.

फोन वाजला. मी उचलला.

"नमस्कार, उद्या सकाळचं तुमचंच आहे ना?" एक बाई बोलत होत्या. "प्लेन की कॉन्ट्रास्ट?"

आला म्हटलं हॉटेलचा फोन!

"तुम्ही म्हणाल तसं, मॅडम. पण माझं ऐकाल तर कॉन्ट्रास्ट. उठून दिसतं."

"हो, त्यात सगळं उठून दिसतं," बाईंनाही पटलं. "छाती आणि पोट, दोन्ही ना?"

"छाती, पोट, खांदा, बाही. सगळंच लागेल."

"खांदा? डॉक्टरांनी खांदा सांगितला नाहीये."

हॉटेलात डॉक्टर कशाला, असं क्षणभर मनात आलं. पण मोठं हॉटेल आहे, असेल एखादा!

"खांद्याशिवाय कोट उभा राहील का, मॅडम?"

"कोट घालून येऊच नका, काका. हुक, चेन, बटण, धातूचं काही नको."

"काहीच नको? मग बंद कसा करायचा?"

"नाडीचा असतो. तो आम्हीच देऊ."

वेटरला नाडीचा कोट! मी डोक्याला हात लावला. पण गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही, हा माझा नियम आहे. "नाडी तर नाडी," मी म्हणालो. "किती नग?"

"कसले नग, काका? किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट तेवढा आठवणीनं आणा. त्याशिवाय कॉन्ट्रास्ट देता येणार नाही."

किडनी! कोणाचा फोन आहे ते आत्ता कुठं डोक्यात शिरलं. आणि नेमकं त्याच वेळी खिडकीपाशी चाललेलं मशीन थांबलं. ही दोरा तोडायच्या निमित्तानं माझ्याकडे बघत होती.

"हो हो, मॅडम," मी आवाज चढवला. "अस्तर घेऊन येतो."

"अस्तर?"

"तेच ते. तुम्ही म्हणालात ते."

"बरं... कशाची ॲलर्जी आहे का?"

हिच्यासमोर काय सांगणार? "नायलॉन!" मी ठणकावून सांगितलं. "आम्हाला नायलॉन चालत नाही!"

पलीकडे बाईंच्या कागदांची सळसळ झाली. बहुधा लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी उपाशीपोटी या. पाणी प्यायलं तर चालेल. आणि बरोबर घरचं कोणीतरी आणा."

"उपाशीपोटी. बरं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"हॉटेलवाले उपाशीपोटी बोलावतात?" हिनं सुईत दोरा ओवत विचारलं.

"मापं बरोबर येतात ना! जेवलेलं पोट फसवतं."

"तेही खरंच," ती म्हणाली आणि तिचं मशीन पुन्हा सुरू झालं.

आमच्या संसारात माझं म्हणणं तिला इतक्या लवकर कधीच पटलेलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण एक थाप मारली की ती निभवावी लागते, म्हणून मी उन्हं कलल्यावर खरोखरच अस्तर आणायला बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पँट चढवली, बटण लावायला गेलो, आणि बटण काजापर्यंत पोचेना! पोट आत ओढलं, टाचा उंचावल्या, तेव्हा कुठं लागलं. मी आरशासमोर तसाच उभा राहिलो. पँट घट्ट होती! कंबरेला नुसती काचत होती! म्हणजे मी भरलो होतो. अंगावर मांस चढलं होतं. गेलं म्हटलं दुखणं! इतका आनंद मला पहिली पँट शिवली तेव्हाही झाला नव्हता. स्कॅन गेला चुलीत म्हणून मी थेट टेबलाशी बसलो आणि टोस्ट उचलला.

पहिला घास तोंडाजवळ नेला, आणि हिनं तो हातातून काढून घेतला.

"उपाशीपोटी बोलावलंय ना हॉटेलवाल्यांनी?"

"अगं, ते वेटरांना! मी माप घेणारा आहे."

"घेणाऱ्याचंही पोट रिकामं हवं. नजर चांगली चालते," ती म्हणाली. बघतो तर ही बाहेर जायचे कपडे घालून तयार, खांद्याला पिशवी. "मीही येते. मापं कोण लिहून घेणार?"

म्हटलं, बरंच झालं. स्कॅनला जायचं नव्हतंच, तर हिला घेऊन खरोखर हॉटेलात जावं आणि कॉलरीचं काय ते विचारून यावं. पण कोपऱ्यावर मी उजवीकडे वळलो आणि ही डावीकडे.

"अगं, हॉटेल इकडे!"

"त्याचं दुसरं दार या बाजूला आहे," ती मागं न बघता म्हणाली.

तिच्यामागून चालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. धोबी गेला, औषधाचं दुकान गेलं, आणि ही एका काचेच्या दारासमोर थांबली. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, स्कॅन सेंटर.

आत काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. "या काकू! आणि हे नायलॉनवाले काका ना?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही छताचा पंखा बघत होती.

"तुम्ही अस्तर आणायला गेलात तेव्हा पुन्हा फोन आला होता," ती पंख्यालाच म्हणाली. "नायलॉनच्या ॲलर्जीचा पेशंट त्यांच्याकडे पहिल्यांदाच येतोय म्हणे." आणि मी कपाटात लपवलेला किडनीचा रिपोर्ट तिनं पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण माझ्याकडे हुकुमाचा पत्ता होता. "तुला कळलं ते बरंच झालं," मी म्हणालो. "पण आता स्कॅनची गरजच नाही! मी भरलोय. ही बघ पँट, बोट शिरत नाही कंबरेत!"

हे ऐकून ही हरखेल असं मला वाटलं होतं. ती हरखली नाही. तिचा चेहरा एकदम उतरला आणि ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

"काका, वजन करू या. औषधाचा डोस ठरवायचाय," सिस्टर आल्या. मी ऐटीत काट्यावर चढलो. काट्यानं दाखवलेलं वजन डॉक्टरांकडे भरलेल्या वजनाहूनही कमी होतं.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो. "पँट कधी खोटं बोलत नाही."

"बरं काका, पँटीलाच विचारू," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी एक भलीमोठी बाटली माझ्या हातात ठेवली. "यात औषध मिसळलंय. तासाभरात थोडं थोडं करत सगळं प्या. आतडी नीट दिसतात."

चव सांगायची तर आजारी सरबतासारखी. नको नको म्हणत मी पीत होतो, कारण ही शेजारी बसून प्रत्येक घोट मोजत असल्यासारखी बघत होती. निम्मी बाटली पोटात गेली. आधीच कंबर आवळलेली, त्यात वरून पाणी भरलेलं! मी वाकून बाटली खाली ठेवायला गेलो, आणि टण्! पँटीचं बटण सुटलं ते थेट काउंटरच्या काचेवर. समोर पेपर वाचणारे गृहस्थ उठून उभेच राहिले. मी दोन्ही हातांनी पँट धरली.

"काय झालं?" काउंटरवरच्या बाई.

"काही नाही," मी म्हणालो. "धातूचं काही नको म्हणालात ना!"

ही मात्र हसली नाही. बटण उचलून ती मला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली. तिथं तो नाडीचा कोट मिळाला. खरं तर तो झगा होता, मागून उघडा. ना खांद्याला उतार, ना बाहीला गोलाई. एकाच मापात सगळी दुनिया बसवायची म्हणजे असंच होणार! मी तो घालून पँट हिच्या हातात दिली. तिनं पिशवीतून सुईदोरा काढला, बटण लावण्यासाठी कंबर उलटी केली, आणि उजेडात मला दिसलं.

मागं माझी टीप होती, मातकट, बेमालूम. आणि दोन्ही कुशींना, खिशांच्या वर, दोन टक घातलेले होते. काळ्या दोऱ्याचे. मातकट कापडावर काळ्या टिपा लांबून दिसत होत्या.

"या टिपा कोणाच्या?" मी विचारलं.

तिनं बटण कंबरेवर ठेवून जागा पाहिली.

"अगं, ही पँट मी आत घेतली होती. परवा दुपारी, तू झोपलीस तेव्हा."

"मी काल," ती म्हणाली. "तुम्ही अस्तर आणायला गेलात तेव्हा."

आम्ही दोघं त्या पँटीकडे बघत राहिलो. एक टीप तिला कळू नये म्हणून होती, आणि दोन मला कळू नये म्हणून. सकाळी आरशासमोर मी ज्याला बरं झालो म्हणत होतो, ते एवढंच होतं. मी मुळीच भरलो नव्हतो. मी बाकावर बसलो.

"तुला कधी दिसलं?" मी विचारलं.

"केव्हाच. तुम्ही स्टुलावर चढून तागा काढत होतात आणि एका हातानं पँट धरून ठेवली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुला तुझा भाऊ आठवेल म्हणून."

"तो तर त्याच दिवशी आठवला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात टाके घालतच होते. "म्हटलं, फोनवालीनं सांगितलंय, उद्या काय ते कळेल. पण निदान जाताना तरी तुमची पँट अंगाला बसलेली असावी. ढिली लागली की तुम्ही घाबरता. तुम्ही खुशीत येऊन स्कॅनच नको म्हणाल, हे मला काय माहीत!"

मला हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम आलं आणि त्यात पोटातलं ते पाणी डुचमळायला लागलं. लोकांची मापं नजरेनं घेणारा मी! आणि चार हातांवर बसून ही इतके दिवस तेच भय गिळतेय, ते मला दिसलं नाही. एकट्यानं भ्यायचे कष्ट घेत होतो दोघंही, एकाच दुकानात.

"पण काळा दोरा का घातलास?" मी नाक पुसत विचारलं.

"मातकट रीळ संपलं होतं. आता कळलं कोणी संपवलं ते."

"म्हणजे हे कॉन्ट्रास्ट झालं."

"उठून दिसतं ना?" ती म्हणाली, आणि मग मात्र ती हसली.

"काका!" बाहेरून सिस्टरचा आवाज आला. "निम्मी बाटली राहिलीय!"

मी बाहेर जाऊन ती निम्मी बाटली शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. हिनं घोट मोजले नाहीत. तिनं माझा झगा मागून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, कारण त्या शिवणाऱ्यानं नाडी लावली होती ती चुकीच्या जागी.

मग मला त्या मोठ्या गोल मशिनात आडवं केलं. हातातल्या सुईतून औषध सोडलं तेव्हा अंगभर ऊब पसरली आणि आपण लहान मूल होऊन कपडे ओले केल्यासारखं वाटलं. मशीन चालवणाऱ्यानं आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी झग्याची माफी मागितली असती. "श्वास घ्या," मशीन म्हणालं. "धरून ठेवा." मी धरून ठेवला. तेवढ्या वेळात मला वाटलं, गेले कित्येक दिवस मी हेच करतोय. आणि दाराबाहेर बसलेली तीही. "सोडा," मशीन म्हणालं. इतकी साधी गोष्ट सांगायला आम्हाला एवढं मोठं मशीन लागलं.

रिपोर्ट आणायला आम्ही दोघं मिळून गेलो. छातीत आणि पोटात गाठी होत्या. एका गाठीतला नमुना काढून तपासला. ते दिवस कसे गेले ते सांगत नाही, एवढंच सांगतो की तेव्हा आम्ही दोघं एकमेकांसमोर भ्यायलो. मग डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "टीबी आहे," ते म्हणाले. "कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही. पण बरा होतो." टीबी ऐकून आनंदानं बायकोचा हात धरणारा पेशंट त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

घरी आल्यावर हिनं तिचे काळे टक उसवले. माझी शिवण तशीच ठेवली. "तुम्ही भराल तेव्हा ती सोडू," ती म्हणाली.

गोळ्या चालू आहेत. जेवण जातंय. आणि परवा सकाळी ती मातकट पँट घातली तर कंबरेला लागली! पण आता मी शहाणा झालोय. आधी पँट काढली, उलटी केली, खिडकीत धरून टिपा तपासल्या. माझी एकच टीप होती. काळा दोरा कुठंच नाही!

"अगं ए!" मी दुकानभर ओरडलो. "बघ! या वेळी खरंच भरलोय!"

"पँट काल मी गरम पाण्यात घातली होती," ही मशिनावरून म्हणाली. "आटली असेल."

माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. ती उठली, गळ्यातली टेप काढली आणि माझ्या कंबरेभोवती दोन्ही हात घालून माप घ्यायला लागली. इतक्या वर्षांत माझं माप कोणी पहिल्यांदाच घेत होतं. मी ताठ उभा राहिलो. ती टेपवरचे आकडे बघत होती आणि बघता बघता तिचा चेहरा फुलत गेला.

मग तिनं माझ्याकडे वर पाहिलं.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

"काय?"

"पोट फुगवून उभे आहात. सोडा श्वास!"

सोडला. टेप चांगली दोन बोटं सैल पडली. तिनं ती पुन्हा आवळली, पुन्हा आकडा पाहिला आणि म्हणाली, "तरी अर्धा इंच भरलात हं."

अर्धा इंच! आता एवढ्यासाठी कोणी शिवण उसवत नाही, हे शिंपी म्हणून मला कळतं. पण त्या सकाळी दोन्ही मशिनं बंद ठेवून आम्ही ती दोघांनी मिळून उसवली. पँट पुन्हा ढिली झाली, आणि सध्या मी ती एका हातानं धरून हिंडतोय.